'रिसॉर्टबाहेर पाऊल टाकू नका' हा सल्ला कॅरिबियनला जाणाऱ्यांनी मुळीच ऐकू नये

रानजाई

परवा इथेच टेक्ससकर यांनी त्यांच्या कॅरिबियन वाऱ्यांवर लेख लिहिला. त्यातले सल्ले असे: सप्टेंबरात जा, निम्म्या दरात मिळतं. बेट कुठलंही घ्या, समुद्र सगळीकडे सारखाच. विमानतळावरून थेट रिसॉर्ट आणि रिसॉर्टवरून थेट विमानतळ, मध्ये बाहेर पाऊल टाकू नका. आणि शाकाहाऱ्यांनी आठवड्याचं खाणं घरून न्यावं. खाली कितीतरी जणांनी 'वाचनखूण साठवली' असं लिहिलंय. ते बघून राहवेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी न्यू जर्सीहून अकरा वर्षांत पाचदा तिकडे गेलेय. एकदा आम्ही दोघंच, दोनदा मुलांना आणि दोनदा आईबाबांना घेऊन.

'समुद्र सगळीकडे सारखाच' हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाची किनारपट्टी पूर्वेकडे, उघड्या अटलांटिककडे तोंड करून आहे. २०११ पासून त्या भागात सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ लोंढ्यानं येतं. जोर साधारण एप्रिल ते ऑगस्ट. कुजायला लागलं की सडक्या अंड्यांचा वास. आम्ही २०१८ च्या जूनमध्ये तिथे होतो. माणसं उजाडायच्या आधीपासून फावडी घेऊन शेवाळ उपसत होती आणि दुपारी किनारा पुन्हा होता तसा. सहा दिवस मुलं तरणतलावात. तलाव तर आमच्या कॉम्प्लेक्समध्येही आहे! त्याच देशात बायाइबे दक्षिणेच्या अंगाला आहे, तिथे पाणी शांत आणि शेवाळाचा त्रास बराच कमी. जमैकात नेग्रिलचा किनारा पश्चिमेकडे बघतो, तिथेही तेच. तेव्हा आधी नकाशा उघडून किनाऱ्याचं तोंड कुठे आहे ते बघा. हॉटेलचे तारे नंतर मोजा.

सप्टेंबर. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ऐन भर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. दर निम्मे होतात ते याच कारणानं, तुमच्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे. सप्टेंबरातच सुट्टी मिळत असेल तर अरुबा, बोनेर, क्युरसाओ यांतलं एक घ्या. ही बेटं व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. अरुबा कोरडं, निवडुंगांचं आणि सतत वाऱ्याचं आहे, हिरवे डोंगर हवे असतील तर हिरमोड होईल. पण वयस्कर माणसं सोबत असतील तर एक मोठी सोय आहे: परतताना अमेरिकेचं इमिग्रेशन अरुबाच्याच विमानतळावर उरकतं. बाबांना व्हीलचेअर लागते. नेवार्कला उतरल्यावर त्यांना रांगेत थांबावं लागलं नाही, एवढ्यासाठी मी पुन्हा अरुबाला जाईन.

आणि बाहेर पाऊल. नेग्रिलला आम्ही रोज बाहेर पडलो. हॉटेलनं ठरवून दिलेला टॅक्सीवाला, भाडं बसायच्या आधी पक्कं, अंधार पडायच्या आत परत. त्या टॅक्सीवाल्यानं आईला त्याच्या शेतातला नारळ सोलून दिला. तिला रिसॉर्टचं नाव आठवत नाही, तो नारळ आठवतो.

टेक्ससकर

माझंच नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देणं आलं. मी लिहिलं ते कोणासाठी? वर्षाला दहा दिवस रजा, घरी दोन आणि चार वर्षांची मुलं, असल्या माणसासाठी. त्याला नारळ नकोय, झोप हवीय. भरलेले पैसे, तिन्ही वेळचं जेवण, मुलांचा क्लब, चार दिवस कुणी काही विचारत नाही. यासाठीच लोक ऑल-इन्क्लुझिव्ह घेतात.

बाहेर आम्हीही पडलो होतो. जमैकात ओचो रिओसला डन्स रिव्हर धबधब्याला गेलो. हात धरून साखळी करून चढायचं, धाकटी कडेवर, वाटेत प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी काहीतरी विकायला अंगावर येणार, परतताना ठरलेलं भाडं दुप्पट झालं. भर रस्त्यात रडणाऱ्या मुलांसह मी हुज्जत घातली. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा नाही.

आणि वादळांचं वेळापत्रक मलाही ठाऊक आहे. तीन सप्टेंबर गेलो, तिन्ही वेळा ऊन. उलट बेरिल वादळ आलं १ जुलै २०२४ ला, ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर. तेही पाचांपैकी चौथ्या श्रेणीचं. मग आता जुलैही बंद करायचा का?

बोरकूट

दोघांच्याही लिखाणात एक गोष्ट राहिली आणि ती सगळ्यात आधी यायला हवी. अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असेल तर जमैका-अरुबाचं तिकीट काढूच नका. 'आय-९४ वर (म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर) परत येता येतं' ही सवलत एच-वनसाठी फक्त कॅनडा आणि मेक्सिकोला आहे, तीही तीस दिवसांच्या आत. कॅरिबियन बेटांची सवलत एफ आणि जे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांना आहे. विद्यार्थी असताना मी बहामाला जाऊन आलो होतो. नोकरी लागल्यावर त्याच भरवशावर बार्बाडोसचं बुकिंग केलं. निघायच्या चार दिवस आधी ऑफिसच्या वकिलानं थांबवलं. हॉटेलचे पैसे गेले, नोकरी वाचली. अशांनी सरळ पोर्तो रिकोला जावं. अमेरिकेचाच भाग आहे, समुद्र तोच, स्टॅम्पचा प्रश्न नाही.

मालवणचा माड

टेक्ससकर, बाकीचं राहू दे, पण 'खाणं घरून न्या' हे तुम्ही लिहिलंत याचा मला खरोखर राग आला. जमैका आणि पुणे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. आपल्याकडे जे उगवतं ते तिथे उगवतं! भाजलेलं ब्रेडफ्रूट म्हणून ताटात आलं ते आमचं नीरफणस. आजी रव्यात घोळवून त्याची कापं करायची. तिथे ते १७९३ मध्ये ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन ब्लाय ताहितीहून घेऊन आला, गुलामांना स्वस्तात पोसायला. त्यांचं कॅलालू म्हणजे आपला माठ, कांदा-लसूण घालून परतलेला. नाताळातलं लाल सॉरेल सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचं. 'राइस अँड पीज' नारळाच्या दुधात शिजवतात, आणि नाताळच्या सुमारास त्यात जे गुंगो पीज पडतात ते तुरीचे दाणे. उकडलेली हिरवी केळी, सुरणासारखा याम, चिंचेचे लाडू. अशा ठिकाणी माणूस बॅगेतून ठेपले नेतो आणि सहा दिवस खोलीत बसून खातो, याचं मला वाईट वाटतं.

चिकूची आई

मालवणचा माड, तुम्ही मासे खाता ना? मग शाकाहाऱ्यांना शिकवू नका. तुमच्या त्या माठात सॉल्टफिश असतो. खारवलेला मासा बारीक कुस्करून घालतात, दिसतही नाही. 'राइस अँड पीज'मध्ये कधी कधी खारवलेलं मांस पडतं. माझ्या साबांनी (सासूबाईंनी) दोन घास खाल्ले आणि मग मला कळलं. त्या जन्मात कधी अंड्यालाही शिवलेल्या नाहीत. पुढचे पाच दिवस त्या पाव, कलिंगड आणि तळलेल्या बटाट्यांवर होत्या. मी बरोबर काही नेलं नव्हतं, कारण मला अशाच कोणीतरी सांगितलं होतं की तिकडे सगळं मिळतं.

मालवणचा माड

वाईट झालं, मान्य. पण बनवणाऱ्याला विचारलंत का?

चिकूची आई

'विचारलंत का' म्हणजे? तीन आठवडे आधी रिसॉर्टला ईमेल केलं. दोनदा. 'हो, शाकाहारी भरपूर' असं उत्तर आलं. तिथे गेल्यावर बुफेत 'शाकाहारी' पाटी लावलेलं सूप चिकनच्या पाण्यात केलेलं निघालं. आचारी भला माणूस होता. त्यानं वेगळं करून आणलं काय, तर बिनमिठाच्या उकडलेल्या भाज्या. एकच डाव चारही भांड्यांत फिरताना साबांनी बघितला तेव्हा त्यांनी बुफेच सोडला. रात्री खोलीत मला म्हणाल्या, 'माझ्यामुळे तुमची सुट्टी बिघडली गं.' सत्तरीच्या बाईला असं म्हणायला लावणारी सहल कुणाच्या वाट्याला येऊ नये. तेव्हा ठेपले नेणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. दशम्या, मेतकूट, गोडा मसाला घातलेली कोरडी चटणी, सगळं न्या. ठासून न्या.

सातवा मजला

धागा रिसॉर्टचा होता आणि पोचला डावावर. असो, खाण्यावरच चाललंय तर त्रिनिदाद कसं कुणाला आठवलं नाही? तिथे सकाळी रस्त्यावर डबल्स मिळतात, म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांच्या ('बारा' म्हणतात त्यांना) मध्ये छोले. तिथलं कॅलालू माठाचं नसून अळूचं. साबांना तिथे न्या, आपली माणसं आहेत.

बोरकूट

'आपली माणसं' हे जरा जपून. १८४५ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून जे त्रिनिदादला आणि जमैकाला नेले गेले ते बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, काही मद्रासकडून. आपण महाराष्ट्रातून विमानानं आलेले लोक, आपण तिथे पाहुणे आहोत. मी पोर्ट ऑफ स्पेनला एका दुकानात 'तुम्ही मूळचे कुठले' असं विचारलं. दुकानदार म्हणाले, 'इथलाच.' मला तेव्हा फार लाज वाटली. आणि रिसॉर्टची सुट्टी हवी असेल तर त्रिनिदाद नव्हे, त्याच देशाचं दुसरं बेट टोबॅगो. मुख्य बेट किनाऱ्यावर लोळायला जाणाऱ्यांचं नाही.

सातवा मजला

शब्द मागे घेतो. छोले मागे घेत नाही.

टेक्ससकर

चिकूची आई यांचा प्रतिसाद वाचला का मालवणचा माड यांनी? मी 'घरून न्या' म्हणालो ते याच अनुभवांवरून. आमच्या ओळखीत तीन कुटुंबांचं असं झालंय. दर वेळी कोणीतरी येतो आणि आम्हाला घाबरट ठरवतो. आम्ही घाबरट नाही, आमच्याकडे आठवडा एकच असतो.

रानजाई

टेक्ससकर, दोन आणि चार वर्षांच्या मुलांना घेऊन धबधबा चढायला नको होता, आणि त्या वयात रिसॉर्टमध्ये पडून राहणं बरोबरच आहे. हे मी मान्य करते. पण मग तसं लिहा ना! 'लहान मुलं असतील तर' हे तीन-चार शब्द तुमच्या लेखात कुठेच नाहीत. तो वाचून माझ्या बहिणीनं, जिची मुलं कॉलेजात आहेत, सप्टेंबरचं ओचो रिओस बुक करायला घेतलं. आणि लहान मुलांसाठीच बघायचं तर विमानतळापासूनचं अंतर आधी बघावं लागतं. जमैकात मोंटेगो बेच्या विमानतळावर उतरून नेग्रिल किंवा ओचो रिओस म्हणजे व्हॅनमध्ये दीड ते दोन तास. सहा तासांच्या प्रवासानंतर ते दोन तास मुलांना सोसत नाहीत. मोंटेगो बेतच राहायचं. हेही तुमच्या लेखात नाही.

तीन सप्टेंबर ऊन मिळालं यावर मी काय बोलू? २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा पाचव्या श्रेणीचं वादळ म्हणून जमैकाच्या नैऋत्य किनाऱ्यावर आदळलं. आमच्या त्या टॅक्सीवाल्याचं घर वेस्टमोरलंड परगण्यात, नेमकं तिथेच. नऊ दिवस त्याचा फोन लागला नाही. लागला तेव्हा म्हणाला, छप्पर गेलं, माणसं आहेत. तुम्ही ज्याला निम्मा दर म्हणता त्याचा उरलेला निम्मा तिथली माणसं भरत असतात.

टेक्ससकर

त्याचं घर गेलं हे वाचून वाईट वाटलं. खरंच. पण लोकांनी जाणं थांबवलं तर त्याला भाडं कोण देणार, याचंही उत्तर द्या. मेलिसानंतर आम्ही बुकिंग रद्द केलं नाही, तारीख पुढे ढकलली.

सप्टेंबरबद्दल एवढंच लिहितो की लेखात विम्याचं लिहायला हवं होतं, ते राहिलं. वादळाला नाव पडायच्या आत विमा घेतलेला असला पाहिजे, नाव पडल्यावर घेतलेला त्या वादळाला चालत नाही. 'कोणत्याही कारणानं रद्द' करता येईल असा विमा हवा असेल तर सहलीची पहिली रक्कम भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत घ्यावा लागतो, आणि तरी पूर्ण पैसे मिळत नाहीत. लेखात दुरुस्ती करतो. मुलांच्या वयाचंही घालतो. 'बाहेर पाऊल टाकू नका' मात्र तसंच ठेवणार आहे.

रानजाई

ठेवा. मी खाली या धाग्याचा दुवा देईन. त्याला भाडं आम्ही मार्चात जाऊन देणार आहोत, तिकिटं काढली आहेत.

चिकूची आई

आमचंही मार्चात जायचं चाललंय. साबा या वेळी स्वतःच म्हणताहेत, समुद्र बघायचाय. मालवणचा माड, भांडण बाजूला ठेवून विचारते. तिथल्या माणसाला नेमकं काय म्हणायचं?

मालवणचा माड

'व्हेजिटेरियन' म्हणू नका, 'इटल' म्हणा. जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचं खाणं, मांस नाही, कडक पाळणारे मीठही घालत नाहीत. काही रास्ता मासे खातात, म्हणून 'नो सॉल्टफिश, नो फिश' हे वेगळं सांगायचं. नेग्रिलच्या रस्त्यावर इटल जेवण देणारी छोटी दुकानं आहेत, तिथे तुमच्यासमोर शिजवतात, डाव एकच असला तरी भांडंही एकच असतं. आणि मेतकूट न्याच. मी आधी रागानं लिहिलं होतं. भाजलेल्या नीरफणसाला चव नसते, त्यावर मेतकूट चांगलं लागेल.