जिनिंगमधून तोंडी काढलं, हातात कागद एकही नाही, केस उभी राहते काय?

कपाशीवाला (एप्रिल 2024; खालचे नियम तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचे, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली)
राम राम मंडळी. माझा लहान भाऊ आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) 9 वर्षं फिटर होता. हंगामी नाही बरं, बाराही महिने, कारण हंगाम संपला का रोलर काढा, बेरिंग बदला, सगळं त्याच्याच गळ्यात. मागच्या महिन्यात ओव्हरटाइमचे पैसे मागितले तं मालक म्हणे उद्यापासून येऊ नको. ना नोटीस ना लेटर, नेमणूकपत्र तं कधी पाहिलंच नाही. आता मुनीम सांगून राहिला की हा माणूस ठेकेदाराचा होता. गावातले म्हणतात कोर्टात जिंदगी जाईन. खरंच काही होते काय?

काळा कोट
भाऊ, मी कामगारांकडून लेबर कोर्टात उभा राहतो. केस होते, पण "अन्याय झाला" यावर नाही, 240 दिवसांवर. काढायच्या आधीच्या 12 महिन्यांत तेवढे दिवस भरले असले तर औद्योगिक विवाद कायदा, कलम 25-एफ: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, अन् दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार दिल्याशिवाय कमी करता येत नाही. पगारी रविवार, पगारी सुट्ट्याही मोजा, लोक हेच विसरतात.

घोळ इथं आहे की हे दिवस सिद्ध करायचं ओझं कामगारावरच. म्हणून भावानं स्वतः साक्ष द्यायची अन् मस्टर (हजेरीपट), पगारपत्रक हजर करा असा अर्ज टाकायचा, मालकानं दडवलं तर ते त्याच्यावरच उलटू शकते. माझ्या एका केसमध्ये उलटतपासात मालक ठाम, "हा फक्त नोव्हेंबर ते मार्च यायचा". मी ऑगस्टचं बेरिंगचं चलान पुढे केलं, माल घेणाऱ्याच्या जागी आमच्या माणसाची सही. जिनिंग बंद होतं तर माल उतरवून कोणी घेतला? शेठजी मुनीमाकडे पाहतच राहिले.

अनुचित प्रथेची, म्हणजे मालक कामगाराशी गैर वागल्याची, तक्रार 90 दिवसांत करता येते, पण हा माझा कामगारच नाही असं मालक म्हणत असला तर ती तिथंच अडकते, म्हणून मी आधी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज देईन, 45 दिवसांत समेट नाही झाला तर थेट लेबर कोर्ट. मुदत 3 वर्षांची आहे पण तोवर चलानं उंदीर खातात.

कपाशीवाला
वकीलसाहेब, पीएफ कापत होते, पासबुक मोबाईलवर निघते. चालते काय?

काळा कोट
चालते काय म्हणता, धावते! वर्गणी कोणाच्या नावावर भरली ते पाहा, जिनिंगच्या नावावर असली तर ठेकेदाराची गोष्ट लंगडी पडली.

सूतगिरणीचा म्हातारा
बाप्पा, एक सांगतो. अधिकाऱ्यासमोर मालक हमखास म्हणते, "आम्ही काढलंच नाही, तोच येत नाही, उद्यापासून येऊ द्या". मी तेव्हा रागानं गेलो नाही, अन् मंग कोर्टात मागचा (काढल्यापासूनचा) पगार मागताना तेच आडवं आलं. भावाले पाठवा, सोबत दोघं जण न्या, गेट उघडलं नाही तं त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं पत्र टाका. वकिलाच्या फीचं म्हणाल तं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे औद्योगिक कामगाराले मोफत वकील भेटते, उत्पन्नाची अट नाही. आमच्याकडच्या निम्म्या लोकांले हे माहीतच नाही.

काळा कोट
काका बरोबर बोलले. अन् भाऊ, मधल्या काळात दुसरीकडे मजुरीला गेला असला तर लपवू नका, मागच्या पगाराच्या वेळी ते निघतेच. वर्षं लागतील, खोटं कशाला बोलू.

कपाशीवाला
उद्याच स्पेअर पार्टवाल्याकडे जातो चलान बुकं पाहायले, तो भावाले नावानं ओळखते. मालक त्याचाच जुना गिऱ्हाईक आहे म्हणा, देते का नाही पाहू.