मदत हवी आहे : मंडळीचा खजिनदार झालोय, अर्धा हिशोब वहीत आणि अर्धा गुरुजींच्या डोक्यात

मोसंबीवाला

सर्वांना सलाम. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची ४७ घरांची मंडळी आहे. (इतर वाचकांसाठी: मंडळी म्हणजे चर्चचे सभासद, पाळकसाहेब म्हणजे आमचे धर्मगुरू. आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे.) यंदाच्या वार्षिक सभेत मला खजिनदार केलं. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, तेवढ्याच भांडवलावर. माझ्याआधी २१ वर्षं गुरुजी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मला पाढे त्यांनीच शिकवले. मंडळीच्या पैशातून त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नसेल, हे मी लिहून देतो.

चार्ज म्हणून त्यांनी एक कॅरीबॅग हातात दिली. तीन वह्या, पासबुक, दानपेटीची किल्ली आणि २०१९ नंतर कोरं राहिलेलं पावतीपुस्तक. कोरं का म्हणून विचारलं तर म्हणाले, "आपल्याच माणसांना पावती काय फाडायची? देवाला दिलंय त्यांनी, मला नाही."

आता अडचण. चर्चचे पत्रे गळतात म्हणून दोन वर्षांपूर्वी 'पत्र्याचा फंड' काढला. वहीप्रमाणे जमा १,८६,४०० रुपये. बँकेत शिल्लक ७१,२५०. पत्रा एकही आलेला नाही. पावसात अजूनही उपदेशपीठाशेजारी पातेलं ठेवावं लागतं, आणि शांत प्रार्थनेच्या वेळी टपटप तेवढी ऐकू येते.

गुरुजींसोबत दोन संध्याकाळी बसलो. त्यांना सगळं तोंडपाठ. लाइटबिलाची थकबाकी १८,३००, मीटर काढायला माणूस दारात आला होता. डायसिसला, म्हणजे बिशपसाहेबांच्या विभागाला, द्यायचा वाटा थकलेला, ४२,०००. एका सभासदाच्या ऑपरेशनला ४०,०००. तो वाचला, आज मोंढ्यात हमालीला जातो. हे झाले १,००,३००. राहिले १४,८५०. त्यांचा पत्ता लागेना. गुरुजींनी वही दोनदा उलटसुलट केली, मग चष्मा काढून पुसत बसले. मला पुढे विचारवलं नाही.

गेल्या रविवारी चपला घालताना एका मावशींनी गाठलं. अंगणवाडीत मदतनीस होत्या, पत्र्यासाठी ५,००० दिलेत. "बाळा, माझे पत्र्याचे पैसे कुठं गेले रे?" आवाजात राग नव्हता. त्यानं जास्तच लागलं.

त्यात भर म्हणजे खांबाला चिकटवलेला क्यूआर कोड. तो पाळकसाहेबांच्या मुलाच्या खात्याचा निघाला. कोरोनात कुणीतरी घाईत लावला, तो तसाच राहिला. पोरगा दर महिन्याला पैसे वळते करतो, पण नेहमी गोल आकडा. २,५००. ३,०००. दान कधी असं गोल येतं का?

पावत्या, दोघांनी मोजणी, वेगळं खातं हे सगळं सुरू करायचंय. पण आज मी पावतीपुस्तक काढलं की सगळे गुरुजींकडे बघणार. त्यांचा मान राखून हे कसं करू? आणि कायद्यानं नेमकं काय काय लागतं?

वहीखातं

संभाजीनगरला सीएच्या ऑफिसात आहे, ट्रस्टचीच कामं बघतो.

पहिल्यांदा हे बघा की तुमची मंडळी स्वतः नोंदलेला ट्रस्ट आहे, की डायसिसच्या ट्रस्टच्या छत्राखाली आहे. सीएनआय १९७० साली अनेक मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन झाली, त्यामुळे जागा एकाच्या नावावर आणि कारभार दुसऱ्याकडे असं बऱ्याच ठिकाणी सापडतं. आपल्याकडे तर निजामकाळचे उर्दू कागदही निघतात. जागेचं पीआर कार्ड (मालमत्ता पत्रक) काढा, धर्मादाय कार्यालयातून पीटीआरची, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीतल्या अनुसूची १ ची, नक्कल घ्या. विश्वस्त म्हणून अजून कोणाची नावं आहेत ते वाचून हसू येईल किंवा रडू. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कलम २२ चा बदल अर्ज द्यायचा असतो आणि तो सगळेच विसरतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशोब ३१ मार्चला बंद करायचा आणि सहा महिन्यांच्या आत ऑडिट. ताळेबंदाचा नमुना अनुसूची ८ मध्ये आहे. त्यात ठरावीक कामासाठी दिलेल्या निधीचा रकाना वेगळा आहे. तुमचा पत्र्याचा फंड तिथं बसतो. लाइटबिल बसत नाही. दुसऱ्या कामासाठी हात घातलाच असेल तर 'सर्वसाधारण निधीकडून येणे' अशी नोंद करून परत भरायचा. नुसतं 'खर्च झाला' म्हणून मोकळं होता येत नाही.

क्यूआर उद्याच्या उद्या काढा. ट्रस्टचा पैसा कोणाच्याही खासगी खात्यात जाता कामा नये, भले तो पोरगा राजा हरिश्चंद्र असो.

परखड

१४,८५० गायब आणि तुम्ही मानपान बघताय? पोलिसात जा. धर्माच्या नावावर सगळीकडे हेच चालतं.

मोसंबीवाला

@परखड, वही खोटी नाही, अपुरी आहे. त्यासाठी सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला ठाण्यात बसवायचं माझ्याच्यानं होणार नाही.

@वहीखातं, आभार. एक नर्सताई ८०जी ची, म्हणजे आयकरात सूट मिळवून देणारी, पावती मागतात, ते जमेल का? आणि एकांची मुलगी कुवेतला आहे, चुलतभाऊ इंग्लंडला. दोघंही पत्र्यासाठी पैसे पाठवतो म्हणतात.

वहीखातं

८०जी विसरा. निव्वळ धार्मिक कामाच्या किंवा एकाच धर्मसमुदायासाठीच्या ट्रस्टला ती सवलत साधारणपणे मिळत नाही. ज्यांना मिळते त्यांच्याकडेही २,००० च्या वर रोख दिलं तर वजावट नाही, आणि नवीन करप्रणालीत तर कुणालाच नाही. ताईंना आत्ताच स्पष्ट सांगा. पावती द्या, पण ती करासाठी चालेल असं चुकूनही म्हणू नका. मार्चमध्ये भांडण होतं.

कुवेतवाली भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. चुलतभावाने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र नातं कामाला येत नाही, ती परदेशी देणगीच. त्याला एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खाली नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. पत्र्यापायी त्या भानगडीत पडू नका.

गोदाकाठची

नांदेडहून. मी पाळकांची मुलगी, तेव्हा दुसरी बाजू सांगते.

आमच्या घरी पगार कधीच वेळेवर आला नाही. त्या महिन्यात लोक अंडी, तूर, ज्वारी आणून देत. आईनं दुकानातली उधारी आणि चर्चचा पैसा यांच्यात कधी गल्लत होऊ दिली नाही, पण लोकांना कसं दिसणार? एकदा आई नवी साडी नेसून उपासनेला गेली. मामानं दिली होती. दोन बाया मागच्या बाकावर कुजबुजल्या, "थैली जड झाली वाटतं." थैली म्हणजे दानाची. मी आठ वर्षांची होते. अजून विसरले नाही.

तेव्हापासून पप्पांनी थैलीला हात लावायचं सोडलं. उपासना संपली की तिथंच, सगळ्यांसमोर, टेबलावर दोघं मोजायचे. दोघं एका घरातले नकोत आणि दर महिन्याला बदलायचे. नोटा, चिल्लर, पाकिटं असं कागदावर लिहायचं, दोघांच्या सह्या, पप्पांची सही नाही. सोमवारी बँकेत. पुढच्या रविवारी जाहिरातींच्या (उपासनेतल्या सूचनांच्या) वेळी आकडा वाचून दाखवायचा. हे सगळ्यात जास्त कुणाला हवं होतं तर पप्पांना. दादा, तुमच्या पाळकसाहेबांशी आधी बोला. क्यूआर निघाला तर त्यांच्या घरात सुटल्यासारखं वाटेल.

मोसंबीवाला

गोदाकाठची ताई, तुमचं वाचून काल पाळकसाहेबांकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आधी पाळकबाईच म्हणाल्या, "ते चिठोरं काढा बाबा एकदाचं." पोरानं मोबाइलवरच सगळं स्टेटमेंट दाखवलं. गोल आकड्याचं कारणही कळलं. तो वरचे स्वतःच्या खिशातले घालून शंभरात करायचा! आता त्याचेही पैसे मंडळीकडे निघतात की काय, देव जाणे.

गुरुजींचं मात्र अवघड आहे. पावतीचा विषय काढला तर म्हणाले, योवाश राजाच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा कारागिरांना द्यायला ज्या माणसांच्या हवाली केला, त्यांच्याकडून हिशोब घेतला नाही, कारण ते सचोटीने वागत. बायबलमधलं दुसरे राजे, बारावा अध्याय. मी गप्पच झालो.

गोदाकाठची

त्याच अध्यायात जरा वर वाचायला सांगा! झाकणाला भोक पाडलेली पेटी होती, आणि ती भरली की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक दोघं मिळून पैसे मोजून थैल्यांत बांधत. मोजणीला दोघं होते. हिशोब मागितला नाही तो पुढे कारागिरांना पैसे वाटणाऱ्यांकडून.

आणि शिष्यांची थैली कुणाकडे असायची, तेही गुरुजींना ठाऊक असेलच. (येशूला धरून देणाऱ्या यहूदाकडे! हे त्यांना म्हणू नका.)

वैजापूरकर

मी कॅथलिक, तेव्हा आमच्याकडचं सांगतो. आमच्या १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, हे लिहूनच ठेवलंय. कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशला (स्थानिक मंडळीला) अर्थसमिती लागते. कलम १२६७ म्हणतं की ठरावीक हेतूने दिलेलं दान त्याच हेतूला वापरायचं. कलम १२८७ प्रमाणे भाविकांनी दिलेल्याचा हिशोब भाविकांना द्यायचा. कागदावर आहे म्हणून सगळीकडे होतंच असं नाही, पण मागणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळते. "माझा तुमच्यावर विश्वास नाही" असं म्हणावं लागत नाही, "फादर, ते १२८७ चं काय झालं" एवढं पुरतं.

सप्ताहवाला

बीडचा आहे, वारकरी घरातला. आमच्या गावी सप्ताहाची वर्गणी काल्याच्या दिवशी स्पीकरवर वाचतात. पाटलाचे ५,१०० आणि हाटेलवाल्याचे ५१, सगळं गावाला ऐकू जातं. शेवटी आचारी, मंडप, महाराजांचं पाकीट, उरले किती. वीस मिनिटं लागतात पण वर्षभर कुणाची कुरकूर नाही. तुम्ही पण वाचा की.

मोसंबीवाला

सप्ताहवाले दादा, आमच्यात उजव्या हाताचं डाव्याला कळू नये अशी शिकवण. नाव घेऊन वाचलं तर मावशी पुढच्या वेळी पैसेच देणार नाहीत. पण वहीखातंशी फोनवर बोललो, त्यांनी छान तोड काढली. प्रत्येक घराला नंबराची पाकिटं. फळ्यावर नंबर आणि रक्कम, नाव नाही. ज्याचं त्याला आपलं बरोबर लागलं की नाही ते कळतं.

आणि १४,८५० चा उलगडा झाला, बराचसा. त्यासाठी आमचा हंगामाचा सण सांगावा लागेल. पीक निघालं की लोक सोयाबीन, तूर, लिंबं, कोंबड्या वेदीपुढे आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. दोनशेची कोंबडी हजार-अकराशेला जाते. घेणारा पुन्हा तीच दान देतो, तिचीच परत बोली. एक कोंबडा गेल्या वर्षी तीनदा विकला गेला आणि शेवटी उडून शेजारच्या बाभळीवर बसला. तर गुरुजी बोली झाली की लगेच पत्र्याच्या फंडात 'जमा' लिहायचे. पैसे मागाहून. काहींचे आलेच नाहीत. आपलीच माणसं, तगादा कोण लावणार?

लिलावाची यादी वहीच्या मागच्या कव्हरवर पेन्सिलीने होती. न आलेल्या बोल्यांची बेरीज ११,६००. यादीत चौथं नाव माझ्या बापाचं. मोसंबीची पाटी, २,१००. घरी विचारलं तर म्हणाले, "अरे हां, राहिलंच की."

आता राहिले ३,२५०. गुरुजी पेन्शनमधून भरतो म्हणताहेत, पाकीटच घेऊन आले होते. घेऊ का?

वहीखातं

घेऊ नका. ते भरले की कागदावर सगळं जुळेल आणि गावात अर्थ निघेल की त्यांनीच खाल्ले होते. ताळेबंदात 'हिशोब न लागलेली रक्कम ३,२५०' अशी सरळ नोंद टाका, कमिटीचा ठराव घ्या, ऑडिटरला दाखवा. आणि बोली 'येणे' मध्ये लिहायची, पैसा हातात आला की 'जमा'.

गोदाकाठची

आणि सभेत ते गुरुजींनाच वाचू द्या. तुम्ही वाचलं तर तो आरोप होईल.

मोसंबीवाला

आज वाचलं त्यांनी. उपासनेनंतर दारं लावून घेतली, फक्त सभासद. मी तयार केलेला छापील कागद बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच्या अक्षरातला काढला. ऑपरेशनच्या ४०,००० ला आले तेव्हा मागून तो हमाली करणारा भाऊ उभा राहिला, "ते माझ्याकडे लावा, महिन्याला हजार देतो." गुरुजी त्याला बस म्हणाले आणि पुढे वाचत राहिले. ३,२५० ला थांबले. "हे मला आठवत नाही," एवढंच म्हणाले. कुणी काही बोललं नाही. मग मावशींनी विचारलं, "म्हणजे आता किती पत्रे येतील?"

ठराव झाला. डायसिसचे आणि लाइटबिलाचे मिळून ६०,३०० सर्वसाधारण निधीतून दोन वर्षांत परत भरायचे, ऑपरेशनची रक्कम त्या भावाकडून येईल तशी. बापाकडून २,१०० वसूल. पहिली पावती त्यांचीच फाडली, गुरुजींनी कार्बन नीट बसलाय का ते वाकून पाहिलं.

आता नवा प्रश्न, त्यासाठी वेगळा धागा काढू की इथंच विचारू? गळकी बाजू दक्षिणेची आहे, ७१,२५० आणि हे २,१०० धरून तेवढ्यात ती बसवून घ्यायची म्हणतोय. रंगीत पत्रा घ्यावा की साधा? उन्हाळ्यात तापतो कुठला कमी?