मेघालयाला जाऊन आलेल्यांनो, अनुभव लिहा

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन आठवडाभर मेघालयाला जायचं ठरतंय. शाळेत शिकलेलं आठवतंय : १९७२ साली आसामातून वेगळं झालेलं राज्य, राजधानी शिलाँग, गारो-खासी-जयंतिया टेकड्या, चेरापुंजीचा पाऊस. त्यापलीकडचं तुम्ही सांगा.

*

आधी घड्याळ बदला. हिवाळ्यात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही घरच्यासारखे आरामात दहाला निघालो आणि शेवटचं ठिकाण मोबाइलच्या उजेडात पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून सहाला गाडीत. गुवाहाटी ते शिलाँग शंभरेक किलोमीटर, पण घाट आणि गर्दी आहे. दुपारनंतर पोचणारं विमान नकोच.

*

नोंग्रियात गावातला झाडाच्या मुळांचा दुमजली पूल पाहायला तिर्ना गावाहून तीन हजारांवर पायऱ्या. दर रविवारी गड चढणारा मी, उतरताना ऐटीत होतो. चढताना पोटऱ्या अशा लटपटल्या की पायरीवरचा पाय आपलाच आहे का, अशी शंका यावी. आई-बाबांना मावलिन्नाँगजवळच्या रिवाईला न्या. तिथलाही पूल रबराच्या झाडाच्या जिवंत मुळांचाच, आणि चालणं थोडं.

*

डिसेंबरात धबधबे रोडावतात, हे मनाशी धरून जा. नोहकालिकाई ३४० मीटरचा. आम्हाला दिसली पांढरी रेघ. मात्र डावकीची उमंगोट नदी तेव्हाच नितळ. नाव हवेत तरंगतेय असं वाटतं आणि तिची सावली तळाच्या गोट्यांवर पडते. भाऊ जुलैत गेला होता. त्याला धबधबा नुसता ऐकू आला, समोर धुकं! आणि नदी गढूळ. दोन्ही थोडंथोडं हवं तर ऑक्टोबरअखेर बघा.

*

रविवारी शिलाँगमध्ये खरेदी ठरवू नका. ख्रिस्ती वस्ती मोठी, बरीच दुकानं बंद असतात.

*

आमच्या होमस्टेतल्या मावशींनी जेवणानंतर ‘क्वाय’ दिलं : ओली सुपारी, पान, चुना. आपण सुपारी खाणारी माणसं, म्हणून मोठा तुकडा टाकला तोंडात. दोन मिनिटांत कान तापले, कपाळावर घाम, भर थंडीत स्वेटर काढला. मावशी आणि त्यांची धाकटी लेक हसून बेजार. खासींमध्ये वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं, त्यामुळे पुढची मालकीणही हसत होती म्हणायचं. ‘खुब्लेई’ म्हणजे धन्यवाद, तेवढं घोकून जा.

*

बाबांना वाचून दाखवलं. रिवाई पक्कं. पहाटे उठायला ते एका पायावर तयार, आई नाही. क्वायचं मात्र मुद्दाम सांगितलेलं नाही.