एकटीने ग्रुपबरोबर जायचंय: आधी मुक्कामाचा ट्रेक की गडावरचं श्रमदान?

डोंबिवली_फास्ट

नमस्कार मंडळी. वय ४७, नोकरी बँकेत. नवऱ्याला डोंगर म्हटलं की स्वतःचे गुडघे आठवतात आणि मुलगा बंगळुरूला, त्यामुळे जायचं तर एकटीनेच, अनोळखी लोकांत. कॉलेजात असताना कर्नाळा आणि पेब हे गड केलेत. आता रोज पाऊण तास चालते आणि लिफ्ट चालू असली तरी जिन्याने चौथ्या मजल्यावर जाते. तयारी म्हणावी तर एवढीच.

गेल्या वर्षी काजवे बघायला एका ग्रुपबरोबर गेले होते. नाव लिहीत नाही. दोन बस भरून माणसं. तंबूत तिघी असं ठरलेलं, प्रत्यक्षात पाच जणी कोंबल्या. रात्री दीड वाजेपर्यंत स्पीकर. मी बोलायला गेले तर तो लीडर पोरगा म्हणतो, "मॅडम, एन्जॉय करा ना." काजवे होते, पण ज्या झाडाखाली काजवे त्याच झाडाखाली दहा मोबाईलचे टॉर्च. सकाळी निघताना शेतात पडलेल्या बाटल्या मी आणि साताऱ्याच्या एका मुलीने दोन पोती भरून गोळा केल्या. खरं सांगते, त्या सबंध सहलीत मला तेवढीच वीस मिनिटं बरी वाटली.

गडांवरची पाण्याची जुनी टाकी साफ करतात, वाटा नीट करतात, अशा मोहिमांचे फोटो मी बरेच दिवस बघतेय. फोटोत सगळी पंचविशीतली पोरं. माझ्यासारखी बाई तिथे चालते का? आधी मुक्कामाचा साधा ट्रेक करून सवय करावी, की थेट कामाला जावं? आणि शौचाचं काय करतात? हे विचारायला लाज वाटत होती, पण न विचारता मी जाणारच नाही हेही मला माहीत आहे.

टाकेवाला

ताई, बाटल्या गोळा करताना तुम्हाला बरं वाटलं ना? मग थेट श्रमदानालाच या. मुक्काम नंतर बघू.

मी ६१ वर्षांचा, पुण्याचा, निवृत्त. मावळातल्या एका गडावर अठरा वर्षं जातोय. गडाचं नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरेल. आमच्याकडे सगळ्यात वयस्कर मी नाही, ६८ वर्षांच्या एक बाई आहेत. त्या घमेली उचलत नाहीत. टाक्याच्या काठावर बसून गाळातून काय निघतंय ते बघतात. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, आमच्यातली आळशी पोरंसुद्धा.

पहिल्यांदा एका दिवसाचीच मोहीम घ्या. सकाळी चढायचं, चार-पाच तास काम, अंधाराच्या आत खाली. मुक्कामाला गेलात आणि माणसं पटली नाहीत तर रात्र काढणं भाग असतं, ते तुम्ही भोगलंय. एका दिवसात सगळी माणसं कळतात. पाणी कोण वाटून पितं, कोण फक्त फोटोपुरता फावडं हातात धरतो, दुपारी एकनंतर कोण गायब होतं.

काम कसं चालतं ते सांगतो. टाकी उपसायची ती साधारण फेब्रुवारीअखेर ते मे, पाणी तळाला गेलं की. आधी गावात विचारायचं, कारण त्याच टाक्यावर गुरं येत असतील तर ते उपसायचंच नाही, दुसरं घ्यायचं. मग बादल्यांनी पाणी काढायचं. बेडूक, खेकडे दिसले तर ते आधी शेजारच्या टाक्यात. वरचा थर पालापाचोळा आणि प्लास्टिकचा. त्याखाली काळा चिकट गाळ, त्याचा वास आंघोळ केल्यावरही दोन दिवस नाकातून जात नाही. आणि गाळात घडीव दगड सापडतात, वरचा तट किंवा कठडा ढासळून आत पडलेले. ते फेकायचे नाहीत, बाजूला ओळीने लावून ठेवायचे.

गाळ घमेल्यांतून बाहेर जातो, माणसांची साखळी करून. घमेलं अर्धंच भरायचं. नवीन पोरं जोशात शीगोशीग भरतात आणि अकरा वाजता कंबर धरून बसतात. साखळीत सगळ्यांनी एका बाजूला तोंड करून उभं राहायचं नाही. एकाआड एक समोरासमोर उभं राहायचं, म्हणजे घमेलं नागमोडी जातं आणि कंबर पिळवटत नाही. वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. एवढं पाळलं तर ४७ काय नि ६७ काय.

आता ग्रुप कसा निवडायचा. फोन करा आणि एकच विचारा: परवानगी कोणाची घेतलीय? गड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असेल तर त्यांची, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे असेल तर त्यांची, वाट जंगलातून जात असेल तर वनखात्याची. अभयारण्यात तर फांदी तोडायचीही मुभा नाही. युनेस्कोच्या यादीत २०२५ साली आपले किल्ले गेले त्यातसुद्धा अशी वाटणी आहे. रायगड, लोहगड, शिवनेरी केंद्राकडे, तर राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्याकडे. समोरचा "अहो, श्रमदानाला कसली परवानगी" म्हणाला की फोन ठेवा.

हे मी तावातावाने बोलतोय त्याला कारण आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी, आत्ताच्या ग्रुपच्या आधी, आम्ही सात-आठ मित्रांनी उत्साहात एका टाक्याच्या काठाची फट सिमेंटने बुजवली. परवानगी नाही, कोणाला विचारणं नाही. नारळ फोडला, फोटो काढला. तीन पावसाळ्यांत सिमेंट सुटलं आणि सुटताना जुन्या काठाची वीतभर कपची घेऊन गेलं. फट होती तिथे भगदाड झालं. जुनं बांधकाम चुन्यातलं, त्याची डागडुजी जाणकाराच्या देखरेखीखाली चुन्यातच व्हायला हवी, हे आम्हाला नंतर कळलं. ती कपची अजून माझ्या घरी आहे. बायको म्हणते टाकून द्या.

वाटांचंही तसंच. वाट बिघडते ती पाण्याने आणि शॉर्टकटने. वळणावर दोन माणसं सरळ उतरली की पावसात तिथून पाणी धावतं आणि दोन वर्षांत घळ पडते. काम म्हणजे त्या शॉर्टकटवर दगड आणि वाळक्या काट्या टाकून तो बंद करणं आणि मूळ वाटेवर जागोजागी तिरका चर काढून पाणी उताराकडे वळवणं. दगडांवर ऑइलपेंटचे बाण काढणारे ग्रुप दिसले तर लांबूनच नमस्कार करा.

आणि आग्या मोहोळ. कड्याला पोळं असेल तर अत्तर नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही. लीडरला आधीच विचारा, पोळी कुठे आहेत आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे. दगड उचलताना बोटं खाली घालू नका, पहारीने आधी उलटा. विंचू आणि फुरसं दोघांनाही तीच जागा आवडते.

रानपाखरू

काकू, टाकेवाला काकांनी शौचाचा प्रश्न सफाईने टाळला, म्हणून मी लिहिते. 😄

मी २६, तीन वर्षं मोहिमांना जातेय. ग्रुपला फोन कराल तेव्हा किती बायका येतायत आणि लीडरमध्ये एक तरी बाई आहे का, हे थेट विचारा. समोरचा अडखळला तर उत्तर मिळालं. पायथ्याच्या गावात जिथे नाश्ता असतो त्या घरी शौचालय असतं, चढायच्या आधी तिथेच उरकून घ्या. वर गेल्यावर जोडीने जायचं, एकीने लांब उभं राहून ओढणी धरायची. टाक्यापासून आणि पाण्याच्या ओहोळापासून खूप लांब, टाक्याच्या वरच्या अंगाला तर कधीच नाही. खुरपं न्या, वीतभर खड्डा करा, बुजवा. टिश्यू आणि पॅड मात्र पुरायचे नाहीत, काळ्या पिशवीत बांधून परत आणायचे. पाळी आली असेल तर लीडरबाईच्या कानावर घाला, साखळीत उभं राहायच्या ऐवजी नोंदींचं काम मिळतं. मागायला लाजायचं नाही.

आणि बायका पाणीच पीत नाहीत, जायला लागू नये म्हणून. मीही पहिल्या वेळी तेच केलं आणि उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. तीन लिटर न्या आणि संपवा.

हातमोजे कापडी घेऊ नका, भिजले की निरुपयोगी. रबराचा थर असलेले घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

गडपायथा

मी गडाखालच्या गावातला. आमच्याकडे ग्रुप जेवायला, राहायला असतात. दोन शब्द माझे पण.

काही ग्रुप शहरातून आचारी, पत्रावळ्या, पाण्याचे बॉक्स सगळं आणतात आणि गावात फक्त गाडी लावतात. मग श्रमदान कोणासाठी? जेवण गावात घ्या. पिठलं-भाकरी, ठेचा, भात, जे असेल ते. पण आकडा दोन दिवस आधी सांगा. मागं एका ग्रुपनं चाळीस जण सांगितले आणि शनिवारी रात्री फोन केला की बाराच येतोय. आईनं पीठ दळून आणलेलं होतं.

वाटेचं बोलाल तर दरवर्षी पावसाळा संपला की आमची माणसं वाट नीट करतात, आजोबाच्या आधीपासून. तुम्ही वाटेवर काम करणार असाल तर गावातला एक जाणता माणूस बरोबर घ्या. पाणी कुठून येतं ते त्याला झोपेत पण माहीत असतं. शॉर्टकट आमची गुरं पण मारत नाहीत, ते फक्त शनिवार-रविवारचे पाहुणे मारतात.

फेब्रुवारीनंतर गवत वाळलेलं असतं. विडी-सिगारेट, चूल, शेकोटी काही नको. वणवा लागला की रात्रभर आम्हीच हिरव्या फांद्या घेऊन पळतो.

वऱ्हाडी_मचाण

ताई, सह्याद्री झाला की इकडं विदर्भातही या. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर मचाणीवर बसवते. आधी त्याला प्राणीगणना म्हणत, आता निसर्गानुभव म्हणतात, अन् तेच बरोबर आहे. वाघांची खरी मोजणी चार वर्षांतून एकदा होते, ट्रॅप कॅमेरे लावून. मचाणीवरची यादी ही फक्त त्या रात्री काय दिसलं त्याची. मी मेळघाटात बसलो होतो. दुपारी चढलो ते सकाळीच उतरलो, मधात खाली पाय ठेवायची सोय नाही. रात्रभरात रानडुकरं, दोन सांबर अन् एक साळिंदर. वाघ नाही. मजा आली. मे महिन्याचं ऊन मात्र बेकार, पाणी दुप्पट न्या.

डोंबिवली_फास्ट

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. जाऊन आले, मार्चच्या तिसऱ्या रविवारी.

आधी रानपाखरूला: काकू नको गं, ताई म्हण.

चार ठिकाणी फोन केले. परवानगीचं विचारल्यावर एकाने विषय बदलला, दुसरा म्हणाला वरती ओळख आहे. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. चौथ्याने पत्राचा फोटो पाठवला आणि वर मलाच विचारलं की तुम्हाला दमा किंवा बीपी आहे का. तिथे गेले. एकूण २३ जण, त्यात सात बायका. खर्चाचे दीडशे रुपये, त्यात गावातलं जेवण.

चढताना शेवटून दुसरी होते. शेवटचा लीडरच होता, त्याचं कामच ते. साखळीत उभी राहिले ती एका हडकुळ्या कॉलेजच्या पोराच्या आणि एका दंतवैद्य बाईंच्या मध्ये. पहिला अर्धा तास वाटलं हात निखळणार. मग लय लागते. कोणीतरी आकडे म्हणायला लागलं आणि तीनशेनंतर मोजणं सुटलं. गाळात निघालेल्या वस्तू सांगते: चिप्सची पाकिटं, एक डावी चप्पल, बिसलेरीच्या बाटल्या, शेळीचं हाड, खापराचे तुकडे. आणि माझ्या घमेल्यात निळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा, नखाएवढा. मी पटकन पुसून तळहातावर घेतला. खिशात घालायची इच्छा झाली नाही असं म्हणणार नाही. लीडर काही बोलला नाही, नुसती पिशवी पुढे केली. टाक्यातली जागा, खोली, तारीख लिहून तुकडा त्या पिशवीत गेला, खापरं जातात तशीच, पुरातत्त्ववाल्यांना दाखवायला. तो जुना आहे की गेल्या जत्रेतला, कोण जाणे.

परतताना लोकलमध्ये शेजारची बाई दोन स्टेशनांनंतर उठून दुसरीकडे जाऊन बसली. टाकेवाला काका, वासाचं तुम्ही कमीच सांगितलंत.

बँकेत आहे कळल्यावर त्यांनी ग्रुपचा हिशोब माझ्या गळ्यात मारलाय. तीन महिन्यांची बिलं प्लास्टिकच्या डब्यात घालून दिली, त्यातली निम्मी गाळाने माखलेली.

आता पुढच्या महिन्यात मुक्काम आहे, राजमाचीला. कर्जतहून कोंदिवडे, कोंढाण्याच्या लेण्यांवरून चढायचं, गडाखालच्या उधेवाडी गावात घरात राहायचं, तंबू नाही. काजव्यांच्या गर्दीच्या आधीच उरकणार आहोत. नवरा विचारत होता लोणावळ्याहून सपाटीची वाट आहे म्हणतात ती किती लांब. पंधरा किलोमीटर म्हटल्यावर गप्प झाला, पण बूट कुठे मिळतात हे काल पुन्हा विचारलं त्याने.

ठाणे-डोंबिवली भागात कोणाकडे जादाची कॅरीमॅट (झोपताना खाली अंथरायची गुंडाळी) असेल तर सांगा. एक पुरे. दोन असतील तर दोन.