गट पाडण्यापेक्षा वाटा वाढवूया

एका पालकांनी सुचवलंय की पहिलीतच चाचणी घेऊन 'बघून शिकणारी', 'ऐकून शिकणारी', 'करून शिकणारी' असे मुलांचे गट पाडावेत. कळकळ समजते, पण मला ही विभागणी धोक्याची वाटते. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा असे गट पाडून शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा सापडला नाही. शिवाय एकदा 'हा ऐकून शिकतो' असं ठरलं की त्याच्यासमोर चित्रं कमी येतात. नुकसान त्याचंच.

मुलांमध्ये फरक असतातच. कुणाला अक्षरं जुळवायला फार वेळ लागतो, कुणाला गोंगाट सोसत नाही, कुणी वर्गासमोर गप्प, पण शेजारच्याला अख्खी गोष्ट सांगेल. म्हणून एकच धडा सगळ्यांना अनेक वाटांनी भेटू द्यावा. अपूर्णांक शिकताना कागदाची घडी घालायची, पट्टीवर खुणा करायच्या, मोठ्याने बोलायचं, मग अंकांत लिहायचं. उत्तर तोंडी द्यायचीही मुभा हवी. वाचताना सतत अडखळणाऱ्या मुलाचं मात्र एवढ्याने भागत नाही; अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणारी पद्धतशीर मदत त्याला लवकर मिळायलाच हवी.

आणि पालकसभेत फक्त गुणांवरच का बोलायचं? मूल घरी कशात रमतं, कशाला घाबरतं, हे शिक्षकांनी विचारावं. आपणही आपणहून सांगावं. मोठ्या वर्गातल्या मुलांनी लहानांना वाचून दाखवायचा एक तास ठेवला, तर दोघांचाही सराव होईल आणि मधल्या सुट्टीत एकट्या बसणाऱ्या मुलांना ओळखीचं कुणीतरी मिळेल.