मदत हवी आहे: बाळंतपणात जोर लावताना श्वास रोखायचा की नाही?

उतावीळ: पुढच्या आठवड्यात तारीख आहे. एकीकडे सांगतात, श्वास रोखून दहा आकडे होईपर्यंत जोर लावा. दुसरीकडे म्हणतात, रोखू नका. बाळाला काय बरं? लांबण नको, पटकन सांगा.

रानजाई: पहिलं बाळंतपण की दुसरं? एपिड्युरल (कळा बधिर करायला पाठीच्या कण्यात देतात ते औषध) घेणार का? त्याशिवाय काय सांगणार?

लिंबूटिंबू: ते राहू द्या. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून योनीखालच्या भागाला मसाज सुरू केलाय ना? पहिलटकरणीला टाक्यांची शक्यता कमी होते.

रानजाई: @लिंबूटिंबू, हे विचारलं कुणी?

जास्वंद: श्वास कोंडून लांबलचक जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, वारेला (बाळाला पोसणाऱ्या नाळेच्या गोळ्याला) रक्त कमी पोचतं. दर कळेला तीन-तीनदा असं झालं तर बाळाचे ठोके उतरू शकतात. आईचे डोळे लाल होतात ते वेगळंच. आपसूक जोर येतो तेव्हा बाई एका कळेत तीन-चारदा, पाच-सहा सेकंदच लावते, मधे श्वास घेते. तसंच करू द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेची (डब्ल्यूएचओ) २०१८ ची शिफारसही तीच.

धोपटमार्ग: जरा ताणताय. क्षणभर श्वास रोखला जातोच, सक्तीने दहा मोजणं नको एवढंच. पण ठोके घसरले आणि बाळ लवकर काढायचं असेल तर डॉक्टर मोजून जोर लावायला सांगतात. तेव्हा हुज्जत घालू नये.

उतावीळ: बायकोचं पहिलंच. एपिड्युरल घेणार.

धोपटमार्ग: हे आधी सांगायचं ना! एपिड्युरलमध्ये जोराची भावना बोथट होते. पोट कडक झालं की 'आता लाव' असं सांगणारं कुणीतरी लागतं.

जास्वंद: मग पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावरही जोर न लावता तास-दोन तास थांबावं, बाळाचं डोकं आपोआप खाली येतं.

धोपटमार्ग: थांबून नॉर्मल डिलिव्हरी वाढत नाही. अमेरिकेतल्या २०१८ च्या मोठ्या चाचणीत एपिड्युरल घेतलेल्या पहिलटकरणीच होत्या. थांबलेल्यांत जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव जास्त दिसला.

रानजाई: थांबायचं का, ते लेबर रूममध्ये ठरेल. तुम्ही एवढं बघा: पिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे दहा सेंटिमीटर उघडायच्या आधी जोर नको, ते सुजू शकतं. एपिड्युरलमध्ये लघवीची जाणीव राहत नाही आणि भरलेलं मूत्राशय डोक्याला अडवतं, म्हणून ते रिकामं केलंय का विचारा. डोकं बाहेर येताना जोर थांबवून फुंकर मारल्यासारखे छोटे श्वास.

लिंबूटिंबू: आणि वरून पोट दाबू देऊ नका!

उतावीळ: डोकं येत असताना जोर थांबवायचा? उलटं नाही का?

रानजाई: नाही. डोकं सावकाश आलं तर कातडी ताणायला वेळ मिळतो. झटक्यात आलं तर फाटते. नेमकं कधी थांबायचं, ते डिलिव्हरी करणारे सांगतील.