मदत हवी आहे : थॅलस नेमकं कशाकशाला म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

अकरावीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय आणि थॅलस म्हणजेच कायक या संज्ञेपाशी गाडी अडली आहे. मूळ, खोड, पान अशी खरी विभागणी नसलेलं शरीर म्हणजे थॅलस, इथपर्यंत ठीक. वनस्पतिशास्त्रज्ञ स्टेफान एंडलिखर यांनी १८३६ मध्ये अशा शरीराच्या वनस्पतींचा थॅलोफायटा हा गट केला तोही याच आधारावर.

कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवर सरगॅसम हे समुद्री शैवाल दिसतं. त्याला पानांसारख्या पट्ट्या असतात, मधे दांडा, हवेचे बारीक फुगे, खाली खडकाला घट्ट धरणारी चकती. मुलं हमखास विचारतात, हे पानच ना सर? आत झायलेम-फ्लोएम (पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या ऊती) नाही, म्हणून ते पान नाही, हे सांगता येतं. रिक्सिया ही जमिनीवर चपटी पसरणारी बिनफुलांची वनस्पती, तिचंही तसंच.

खरी अडचण पोडोस्टेमेसी कुळाची. सह्याद्रीतल्या नद्यांच्या खडकांना या वनस्पती शेवाळासारख्या चिकटून वाढतात आणि पावसाळा सरून पाणी उतरलं की फुलतात. म्हणजे चक्क सपुष्प! तरी त्यांच्या चपट्या शरीराला शास्त्रीय लेखनात सर्रास थॅलस म्हणतात, आणि अनेक प्रजातींत ते चपटं झालेलं मूळच असतं.

मग व्याख्या रचनेवरून करायची की नुसत्या रूपावरून? मला पोडोस्टेमेसीसाठी 'थॅलससदृश' बरं वाटतं. शिकवणाऱ्यांनी आणि क्षेत्रकाम करणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय लिहिता? डकवीड, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, खोड-पान वेगळं न दिसणारी चिमुकली सपुष्प वनस्पती, तिच्याबद्दलही हेच विचारायचं आहे.